अडीच वळसे

डाव्या पेडलचा दांडा तुटला तो मंगळवारी,
गिरणीच्या चढावर, कॅरियरला मिरच्यांचं पोतं असताना.
मेदेबेरच्या बाजारात, जिथे तेलाच्या पिंपांच्या चुली होतात
आणि चुलींच्या पुन्हा बादल्या,
तिथे वोल्दायकडेही साधं पेडल नव्हतं.
म्हणाला, लेतेब्रहान, तुझ्या घरी आहेत ना,
सेनायची, शर्यतीची?

होती. खाटेखाली, फडक्यात.
सोबत बूट, बेचाळीस नंबर,
पांढरे, एका टाचेला खरवडलेले.
जाताना म्हणाला होता,
हे राहू देत, यांनी चालता येत नाही.

दोन मोजे चढवले तरी पुढे बोटभर जागा.
फरशीवर टक टक टक.
शेजारची मेहरेत दार उघडून बघते,
मला वाटलं कुणाची शेळी आली.

याला क्लिपलेस म्हणतात, वोल्दाय सांगतो,
म्हणजे क्लिप नसलेलं.
मग बुटाखाली हे काय आहे?
क्लिप.
त्याच्या तरुणपणी पेडलला पिंजरा असे, चामड्याचा पट्टा असे.
पिंजरा गेला, त्यावरून हे नाव.
असो. जे जवळ नाही त्यावरून हाक मारायची रीत
आमच्या गल्लीला नवी नाही.
मलाही सगळे सेनायची आई म्हणतात.

भिंतीला धर. आधी चवडा, मग वजन दे.
टच्.
सुटायचं तर टाच बाहेर फिरव.
वर ओढू नकोस, ओढलंस की जास्तच धरतं.
आणि थांबायच्या आधी सोडव, थांबल्यावर नको.
तीनदा पडशील. सगळेच पडतात.
स्प्रिंग सैल करू का?
नको, म्हटलं. त्याने ठेवलीय तशी असू दे.

पहिल्यांदा पडले ती भिंतीपाशीच,
सायकलसकट, जागच्या जागी,
फळीवरची बरणी कलंडावी तशी सावकाश.
पडता पडता विचार करायला भरपूर वेळ मिळतो,
उपयोग काही होत नाही.
वोल्दायच्या नातवाने हसू दाबायला
उगाच हातोडी उचलली.

दुसऱ्यांदा कॅथेड्रलपुढे,
ताडांच्या रस्त्यावर, मॅकियाटोच्या वेळी,
जेव्हा सगळ्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे असतात.
पोलिसाने हात केला. मी थांबले.
पाय घट्ट आत.
कोपर, ढोपर, नेत्सेलाचा काठ चेनमध्ये.
एक म्हातारा कप ठेवून उठला, जुना शर्यतवाला असणार,
कारण त्याने मला उचललं नाही.
आधी माझी टाच धरली, बाहेर फिरवली,
मग दुसरी,
घोड्याचा नाल तपासावा तशी.
मग म्हणाला, आता ऊठ.

रविवारी फोन.
आई, मी ती फार घट्ट ठेवायचो गं,
शेवटच्या चढाला पाय निसटायचा माझा.
तुला कशाला एवढी घट्ट?
बघते, म्हटलं.
त्याच्याकडे तिथे बर्फ होता. सायकल अजून घेतली नव्हती.

सोमवारी वोल्दायने बारीक पाना लावला.
मी वाकून मोजलं.
डावीकडे अडीच वळसे, उजवीकडे अडीच.
मिरचीच्या पावतीमागे लिहून
पावती खाटेखालच्या फडक्यात ठेवली.
कधी पुन्हा आवळायची झालीच तर.

आता गिरणीचा चढ तेवढाच आहे,
पण वर येणारा पायही ओढतो.
एक पाय दाबतो तोवर दुसऱ्याने नुसतं फिरत राहायचं,
असंच मी पंचेचाळीस वर्षं धरून चालले होते.
सकाळी समुद्राकडून धुकं वर चढतं
आणि चौक दिसायच्या आधीच,
न्हाव्याच्या लाल दारापाशी,
माझी टाच आपोआप बाहेर वळते.

वोल्दाय दर आठवड्याला विचारतो,
तिसरं झालं का?
नाही अजून.
होईल, म्हणतो, आणि चेनला तेल घालतो.